चिमूरला गाडी थांबवा

शनिवार-रविवारी पहाटे नागपूरजवळच्या बेसा-पिपळ्याकडून उमरेड रोडला लागणाऱ्या कितीतरी गाड्या ताडोब्याला निघालेल्या असतात. मागच्या सीटवर पोरं पेंगलेली, थर्मासात चहा, डॅशबोर्डवर दुर्बीण आणि गेट उघडायच्या आत कोलाऱ्याला पोचायची घाई. उमरेड जातं, भिसी जातं, चिमूर येतं. तिथे कोणी थांबलंच तर तर्री-पोह्यासाठी, नाहीतर टायरमध्ये हवा भरायला. मग गाडी पुढे. वाघाच्या शेपटीचं टोक जरी दिसलं तरी महिनाभर त्याच्या गोष्टी चालतात. आणि ज्या गावाने १९४२ मध्ये इंग्रज सरकारला अंगावर घेतलं, त्यापायी जे सोसलं, ते गाव खिडकीतून मागे सरकून जातं.

नागपूरला चिमूरचं नाव माहीत आहे. चिमूर माहीत नाही. माझं भांडण एवढंच आहे.

नाव तरी कसं माहीत आहे? ‘चिमूर-आष्टी’. एका दमात, जोडून, जणू एकच गाव. शाळेच्या पुस्तकात छोडो भारतच्या धड्यात ही जोडी एका ओळीत येते आणि मास्तर पुढच्या ओळीवर जातात. चिमूर तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तहसिलीत. आष्टी वर्धा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आर्वीच्या अंगाला. दोन्ही गावं एकमेकांपासून इतकी लांब की एकीकडचा आरडाओरडा दुसरीकडे ऐकू जाण्याचा प्रश्न नाही. तरी दोन्ही एकाच दिवशी उठली. १६ ऑगस्ट १९४२, रविवार, नागपंचमी.

नागपंचमी ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या दिवशी शेतकरी नांगर धरत नाही, जमीन उकरत नाही. घरात तवा चढत नाही, विळीला हात लागत नाही. पावसाळ्यातला हा असा एक दिवस की सगळं गाव गावातच असतं. मुंबईच्या गवालिया टँकवर ८ ऑगस्टला ठराव झाला, ९ तारखेला पहाटे गांधीजींसह सगळे पुढारी आत गेले. १२-१३ तारखेला नागपूर पेटलं. बातमी रस्त्यारस्त्याने, माणसामाणसाने, रेल्वे नसलेल्या चिमूरपर्यंत झिरपली आणि सणाच्या दिवशी तिचा हिशेब झाला.

काही अभ्यासक म्हणतात, पुढारी तुरुंगात गेले म्हणून जमाव मोकाट सुटला. मला हे पटत नाही. मोकाट सुटलेला जमाव रस्त्यावर झाडं आडवी पाडून ठेवत नाही, पूल-मोऱ्या तोडून फौजेची वाट अडवत नाही. चिमूरने हे केलं. त्यासाठी कुऱ्हाडी लागतात, माणसं लागतात आणि कोणी कुठे जायचं हे आधी ठरावं लागतं. गावात काँग्रेसचं काम होतं. त्याहून खोल रुजलं होतं ते तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचं. रात्र रात्र भजन चालायचं, आणि त्या भजनात देवाच्या बरोबरीने देश यायचा. इंग्रज अधिकाऱ्यांना हे नीट कळलं होतं. म्हणून तर २८ ऑगस्टला त्यांनी महाराजांना चंद्रपुरात पकडलं आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात डिसेंबरपर्यंत डांबून ठेवलं.

सकाळी चिमुरात प्रभातफेरी निघाली. पुढे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बालाजी रायपूरकर नावाचा तरुण पोरगा पडला. पोरगा पडल्यावर गाव थांबलं नाही. डाक बंगल्यावर उतरलेले उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि एक शिपाई, असे चौघे जमावाच्या हातून मारले गेले. आष्टीला पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला लोक गेले होते, आजूबाजूच्या खेड्यांतूनही माणसं आली होती. तिथे गोळीबारात सहा जण मेले. त्यांत पंचमगीर गोसावी होते, रशीद खान होते. नंतर जमावाने फौजदाराला आणि चार शिपायांना मारलं.

ही मारले गेलेली माणसं आपल्याकडच्या भाषणांतून गाळली जातात. मला ते चुकीचं वाटतं. डुंगाजी, सोनवणे, जरासंध ही आपल्याच मुलखातली माणसं होती, परक्या सरकारच्या नोकरीत. त्यांना ठार मारलं गेलं हे सांगितल्याने चिमूर लहान होत नाही. सणाचा दिवस, पोराचं प्रेत, समोर बंदुका आणि एक गाव जे त्या घटकेला मागे हटायला तयार नव्हतं, हे सगळं सांगितलं तरच त्या दिवसाचं वजन कळतं. अर्धीच गोष्ट सांगायची तर मग चिमूर कशाला, कुठलाही सिनेमा पुरे.

पण भाषणं जिथे हमखास थांबतात ती जागा ही नव्हे. ती पुढे आहे.

१९ ऑगस्टला फौज चिमुरात शिरली. गोरे सोजीर होते, देशी शिपाईही होते. पुरुषांची धरपकड झाली. शेकडो माणसं पकडून नेली. जे सापडले नाहीत ते रानात पळाले. मागे घराघरांत राहिल्या त्या बाया, म्हातारी माणसं आणि लेकरं. पुढचे दिवस चिमूरच्या बायांवर काय गुजरलं ते मी खुलासेवार लिहिणार नाही. लिहिण्यासारखं नाही आणि तुम्हाला समजलं आहे. घरं लुटली. वर गावावर सामुदायिक दंड बसवला आणि तो वसूल केला. ज्या घरातला पुरुष तुरुंगात, त्या घराला दंड.

चिमूरकर एक नाव सांगतात, दादीबाई बेगडे. वयाने मोठ्या बाई. फौज गावात असताना त्या सरळ साहेबासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हे आवरा म्हणून बजावलं, अशी त्यांची आठवण गाव सांगतं. ज्या दिवसांत दाराबाहेर पाय टाकायची भीती, त्या दिवसांत. चिमूरच्या क्रांतीचं शौर्य मोजायला बसलात तर डाक बंगल्याच्या आधी मला ही बाई आठवते. पण आपल्या पोवाड्यांत आणि फलकांवर ती कुठे आहे?

नागपूरला हे सगळं कळायला वेळ लागला, कारण सरकारने चिमूरच्या बातमीवर बंदी घातली होती. बंदी पार करून इथून माणसं गेली. हिंदू महासभेचे डॉ. मुंजे गेले. रमाबाई तांबे आणि त्यांच्यासोबत नागपूरच्या काही स्त्रिया गेल्या. रमाबाई म्हणजे प्रांताचे हंगामी गव्हर्नर राहिलेल्या श्रीपाद तांब्यांच्या पत्नी. त्यांनी चिमुरात बसून बायांचे जबाब ऐकले. त्या काळात, ‘अब्रू गेली’ म्हटलं की बाईचंच आयुष्य संपायचं त्या काळात, चिमूरच्या बाया बोलल्या. परक्या शहरातून आलेल्या बायांसमोर बोलल्या. सरकारचं उत्तर आलं की या तक्रारींवर विश्वास ठेवण्यासारखं काही नाही आणि चौकशीची गरज नाही.

इथून पुढची गोष्ट नागपूरच्या प्रत्येक शाळेत शिकवली पाहिजे आणि ती जवळपास कुठेच शिकवली जात नाही.

सेवाग्रामात प्रा. जयकृष्ण भन्साळी नावाचे गांधीजींचे सहकारी होते. टोकाचा तपस्वी माणूस. पूर्वी मौनव्रतासाठी ओठ शिवून घेतलेला. चिमूरची हकिकत ऐकून ते दिल्लीला गेले, बापूजी अण्यांच्या घरी. लोकनायक अणे म्हणजे आपल्या यवतमाळचे. १९३० मध्ये पुसदला जंगल सत्याग्रह करून कायदा मोडणारे. १९४२ मध्ये मात्र ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. भन्साळींचं मागणं दोन ओळींचं होतं: तुम्ही चिमूरला या, आणि बायांवरच्या अत्याचाराची चौकशी लावा. ते जमेना, तेव्हा त्यांनी अण्यांच्या दारातच उपास मांडला. ११ नोव्हेंबर १९४२. सरकारने त्यांना उचलून सेवाग्रामला आणून सोडलं. ते पायी चिमूरला निघाले. पुन्हा उचललं. पुन्हा निघाले. शेवटी शरीर साथ देईना तेव्हा सेवाग्रामला पडून उपास सुरूच ठेवला.

६३ दिवस. भन्साळी चिमूरचे नव्हते, विदर्भाचे नव्हते, त्यांची तिथे जमीन नव्हती, नातं नव्हतं, मतदारसंघ तर नव्हताच. चिमूरच्या बायांच्या शब्दावर विश्वास ठेवा, एवढ्यासाठी हा माणूस दोन महिने अन्नावाचून पडून राहिला. १९४२ च्या लढ्यातली इतकी मोठी गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

सरकारने काय केलं? उपासाची बातमीही छापायला बंदी केली. तेव्हा देशभरचे संपादक उठले. मद्रासच्या ‘हिंदू’चे कस्तुरी श्रीनिवासन त्यांच्या परिषदेचे अध्यक्ष होते. परिषदेने ठरवलं की सरकारला त्याच्याच भाषेत उत्तर द्यायचं. नवीन वर्षाच्या पदव्यांची यादी छापायची नाही. रावबहादूर कोण झाले, सर कोण झाले, ते वाचकाला कळणार नाही. गव्हर्नरांच्या कचेऱ्यांतून येणारी पत्रकं छापायची नाहीत. आणि ६ जानेवारी १९४३ ला एक दिवस पेपर बंद. विदर्भातल्या रेल्वे न पोचलेल्या एका गावातल्या बायांमुळे हिंदुस्थानातल्या मोठमोठ्या पेपरांनी एक दिवस छापखाने थांबवले. आज एखाद्या खेड्यातल्या बाईच्या तक्रारीसाठी कोणता पेपर, कोणतं चॅनल स्वतःचं एक पान, एक तास थांबवेल? मीही याच धंद्यात आहे. मला उत्तर माहीत आहे आणि ते मला आवडत नाही.

१२ जानेवारी १९४३ ला उपास सुटला. प्रांताचे माजी पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे मध्ये पडले, चिमूरची बातमी छापण्यावरची बंदी उठली. चौकशी मात्र सरकारने दिली नाही. महिन्याभराने गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी अण्यांनी व्हाइसरॉयच्या मंडळाचा राजीनामा दिला. चिमूरच्या बायांचा जबाब जिथल्या तिथे राहिला.

पुरुषांवर खटले चालले. खास न्यायालयं बसली, फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या, जन्मठेपा झाल्या. त्या माणसांना दोरापासून सोडवण्यासाठी सगळ्यांत जास्त धडपडली ती एक बाई. अनसूयाबाई काळे. १९३७ मध्ये मध्यप्रांताच्या विधानसभेच्या उपाध्यक्ष झालेल्या. त्यांनी अर्ज केले, वकील गाठले, पैसा उभा केला, दिल्लीपर्यंत दारं ठोठावली. गांधीजींनीही व्हाइसरॉयला लिहिलं. अखेर १९४५ मध्ये फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. याच अनसूयाबाई १९५२ मध्ये नागपूरच्या पहिल्या खासदार म्हणून लोकसभेत गेल्या. नागपूरच्या खासदारांची नावं घ्यायला सांगा, लोक धडाधड चार नावं घेतील. त्यांत ही नसेल.

आता आजचं.

दर १६ ऑगस्टला चिमुरात शहीद स्मृती दिन होतो. मंत्री येतात, पुष्पचक्र वाहतात, पोलीस सलामी देतात. भाषणात ‘क्रांतिभूमी’ हा शब्द येतो आणि त्यापाठोपाठ चिमूर जिल्ह्याची मागणी. ही मागणी जुनी आहे. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, चिमूर तसंच राहिलं. मला ती मागणी योग्य वाटते. तहसिलीच्या गावाला आपल्या कामासाठी जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत जावं लागू नये. पण हुतात्म्यांच्या नावावर दरवर्षी तेच आश्वासन वाहायचं आणि ऑगस्ट संपला की फाइल गुंडाळायची, याची मला चीड येते. करायचं असेल तर करा, नसेल तर स्मारकासमोर त्याचा उच्चार करू नका. बालाजी रायपूरकर प्रशासकीय फेररचनेसाठी मेला नाही.

आष्टीचं तरी नाव बदललं. तहसिलीच्या कागदावर आष्टी (शहीद) असं छापलं जातं. सातबारा काढा, रहिवासी दाखला काढा, कंसात शहीद. ही गोष्ट मला मनापासून आवडते. रोजच्या व्यवहारात शिरलेली आठवण भाषणापेक्षा टिकते.

आणि आपलं विद्यापीठ. २००५ पासून नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. लाखो पोरांच्या पदवीवर ते नाव छापलेलं आहे. महाराज १९४२ मध्ये तुरुंगात का होते, असं त्या पोरांना विचारून पाहा. ग्रामगीता सांगतील, मोझरी सांगतील, आणि ते सांगायलाच हवं. पण चिमूर-आष्टीमुळे खंजिरी वाजवणाऱ्या माणसाला इंग्रजांनी कोठडीत टाकलं होतं, हे किती जण सांगतील? त्यातही २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर-गडचिरोली तिकडे गेले. म्हणजे महाराजांचं नाव नागपूरकडे आणि महाराजांचं चिमूर गडचिरोलीच्या विद्यापीठाकडे. आता दोघांनी मिळून एक काम करावं. १९४२ मध्ये लहान असलेली जी मोजकी माणसं दोन्ही गावांत अजून आहेत, त्यांच्याकडे आणि त्यांच्या लेकीसुनांकडे जाऊन बसावं, ऐकावं, नोंदवून ठेवावं. ज्या बायांना नाव नको असेल त्यांचं नाव घेऊ नये. पण त्यांचं सांगणं खरं होतं, एवढं तरी कोणीतरी अधिकृतपणे लिहून ठेवायला हवं. इंग्रजांनी लिहिलं नाही. आपण स्वतंत्र झाल्याला ७५ हून जास्त वर्षं झाली, अमृतमहोत्सव पार पडला, घरोघरी तिरंगे लागले. हे लिहायचं राहिलंच.

कोणी म्हणेल, बावा, त्या जखमा कशाला उकरता? गावाला आता त्रास होतो. हा प्रश्न खरा आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. पण गप्प राहायचं की बोलायचं हे ज्यांच्यावर गुजरलं त्यांच्या घरांनी ठरवावं. १९४२ मध्ये त्या बोलल्या होत्या. त्यांनी स्वतःहून तोंड उघडलं होतं. गप्प आपण बसलो. शहर बसलं, पुस्तकं बसली, व्यासपीठं बसली. त्यांच्या बोलण्याला आपण त्यांची लाज ठरवून टाकलं आणि लढ्याच्या गोष्टीतून त्यांना बाहेर काढलं. चार सरकारी माणसं मारणारे क्रांतिकारक आणि सरकार नाकारत असताना जबाब देणाऱ्या बाया बिचाऱ्या, ही वाटणी कोणी केली?

खेड्यांच्या बाबतीत हे असंच होतं. शहरातला लढा पुढाऱ्यांच्या नावाने नोंदवला जातो. नागपूरचा १९२३ चा झेंडा सत्याग्रह म्हटलं की जमनालाल बजाज आणि वल्लभभाई. पुसद म्हटलं की अणे. चिमूर म्हटलं की... मोठं नाव नाही, म्हणून नुसतंच ‘चिमूर’. गावाचं गाव लढलं तर श्रेय कोणाच्या गळ्यात घालायचं हे आपल्याला समजत नाही, आणि मग हार पाहुण्याच्याच गळ्यात पडतो.

बेसाच्या लोकांशी मी खास बोलतो आहे, कारण आपण खेड्याचं शहर होताना डोळ्यांनी पाहिलं. काल-परवापर्यंत इथे ग्रामपंचायत होती, आता बेसा-पिपळा नगरपंचायत आहे. धानाच्या आणि तुरीच्या वावरांत फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या, स्वामी समर्थांच्या देवळापर्यंत रात्री उशिरापर्यंत गाड्यांची रांग लागते. जुनं गावठाण अजून आहे, मध्येच अडकलेलं, दोन टॉवरच्या फटीत. त्या गावठाणात कोण राहतं, त्यांच्या आज्या-आजोबांनी काय पाहिलं, हे स्कीममधल्या आपल्याला विचारावंसंही वाटत नाही. चिमूर लांब आहे म्हणून विसरलो, असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

तेव्हा तीन मागण्या करतो. बेसा-मनीषनगरच्या शाळा दरवर्षी ताडोब्याची सहल काढतात. त्यांनी चिमूरला दोन तास द्यावेत, स्मारकाशी उभं राहून मुलांना सगळी गोष्ट सांगावी, भन्साळींसकट आणि दादीबाईंसकट. नववी-दहावीच्या पोरींना तर नक्की. दुसरी मागणी १६ ऑगस्टच्या व्यासपीठाकडे: पाहुण्यांच्या भाषणांआधी गावातल्या एका बाईला बोलू द्या, तिला वाटेल ते, वाटेल तितका वेळ. मंत्र्यांनी खाली बसून ऐकावं.

तिसरी आपल्या नगरपंचायतीकडे. नव्या ले-आउटमधले पुष्कळ रस्ते अजून ‘अमक्या लॉनच्या मागे, तमक्या टॉवरच्या बाजूने’ अशाच पत्त्यावर चालतात. डिलिव्हरीवाला फोन करून करून थकतो. नावं कधी ना कधी द्यावीच लागणार, आणि ती बिल्डरांनी द्यायच्या आत द्यावी. एका रस्त्याला दादीबाई बेगडेंचं नाव द्या, एकाला प्रा. भन्साळींचं, एकाला अनसूयाबाई काळेंचं. पाटीवर खाली दोन ओळी लिहा, ही माणसं कोण होती ते. पुढच्या सर्वसाधारण सभेत कोणीतरी नगरसेवकाने हा ठराव मांडावा. मसुदा हवा असेल तर मी लिहून देतो.